भाड्यानं दिलेल्या घराला भारत गृह रक्षा पॉलिसी : पुराला एक नंबर, पण भाडेकरूनं घरात बदल केले तर?

घर सांगलीत गावभागात, खाली आम्ही वर भाडेकरू. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, 2021 ला परत पाणी, मग ही पॉलिसी घेतली. भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसी कुठल्या एका कंपनीची नाहीये, आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ही विकायला लावली, त्यामुळं मूळ कव्हर कुठंही घ्या सारखंच, फरक प्रीमियमचा आणि सर्व्हिसचा.

पुरासाठी खरंच चांगली आहे. इमारतीच्या विम्याची रक्कम कमी धरली होती म्हणून क्लेमला त्या प्रमाणात कात्री लावत नाहीत, आणि नुकसानीमुळं घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेलं भाडंही यात बसतं.

आता मुद्द्याचं. यंदा उन्हाळ्यात वरच्यांनी एसी बसवला, माणसं चांगली आहेत, विचारून बसवला. पण आउटडोअर युनिट रस्त्याकडच्या छज्ज्यावर, जुन्या स्लॅबला चार होल मारून अँकर बोल्ट ठोकलेले आणि त्यातल्या एकाभोवती प्लास्टर सुटून आतली सळई दिसायला लागलेली. खालून दिवसभर शाळेची पोरं जातात हो! एजंटला फोन केला तर म्हणे काका पॉलिसी आहे की, सगळं कव्हर आहे. सगळं नाहीये! पॉलिसीचं वर्डिंग, म्हणजे छापील अटी, काढून वाचलं. मूळ पॉलिसी आपल्या इमारतीचं आणि आपल्या सामानाचं नुकसान भरते, युनिट कुणाच्या डोक्यात पडलं तर त्याची भरपाई त्यात नाही, त्याला पब्लिक लायबिलिटीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि अशा वेळी नोटीस एकट्या भाडेकरूला येत नाही, मालकालाही येते. वायरिंगचंही तसंच, शॉर्ट सर्किटनं आग पसरली तर घराचं नुकसान मिळतं, पण शॉर्ट होऊन जळालेलं ते यंत्र स्वतः मिळत नाही.

एसीला कायद्यानं चालतं म्हणून लोक इथं कायदा पुढं करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 16, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर घर खाली करून मागता येतं, पण लाकडी पार्टिशन, किचनचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, चिमणी हे त्यात धरत नाहीत. बरोबर आहे, पण ते घर खाली करण्यापुरतं. विमा कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही, बांधकामात बदल केला किंवा घर भाड्यानं दिलं तर कळवायचं ही पॉलिसीचीच अट आहे आणि न कळवता बसलं की क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर नेमकं तेच विचारणार. आम्ही मेल केला, फोटो जोडले, एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, लेखी मागून घेतली. एजंटच्या तोंडी हो ला हो म्हणून गप्प बसू नका, प्लीज. युनिट आता गच्चीवर स्टँडवर आहे, खर्च निम्मा निम्मा.

भाडेकरूंनाही सांगतो, मालकाच्या पॉलिसीत तुमचा फ्रिज टीव्ही येत नाही. हीच पॉलिसी फक्त सामानासाठी भाडेकरूला स्वतःच्या नावावर घेता येते, वरच्यांनी घेतलीय आणि एसी त्यातच टाकलाय.

पॉलिसीला पाचपैकी चार, एजंटला एक.