स्फोटाच्या जागी आधी कोण: श्वान की यंत्र?

नुकताच पोलीस दलात रुजू झालेला माझा भाचा विचारत होता, "मामा, बॉम्बशोधक श्वान भारी की स्फोटकं ओळखणारं हातातलं यंत्र?"

वेगात श्वानाला तोड नाही. 1993 च्या मुंबई स्फोटांनंतर धनजी स्ट्रीटवर उभ्या स्कूटरमधलं आरडीएक्स 'झंजीर' या लॅब्राडोरनेच हुंगून काढलं. यंत्राला आधी कापडी पट्टी संशयित वस्तूवर घासावी लागते, मग ती आत सरकवून निकालासाठी थांबायचं. शिवाय हाताला लावलेलं ग्लिसरीनचं क्रीमही त्याला कधी कधी स्फोटक वाटतं.

पण श्वान उन्हात लवकर दमतं, फुटक्या काचांनी पंजे कापतात. शिवाय प्रशिक्षण, खुराक, हँडलर हा रोजचा खर्च. यंत्र महाग, पण दमत नाही.

कोर्टात मात्र दोघंही अपुरे. तिथे चालतो न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेचा अहवाल, म्हणजे मुंबईत कलिन्यातल्या प्रयोगशाळेचा. त्यासाठी पंचांसमोर, म्हणजे साक्षीदारांसमोर, नमुने सीलबंद करायचे, ते काम माणसाचंच.

दुसरा बॉम्ब दडवलेला असेल, जागा मोठी असेल, तर आधी श्वान. एकच बॅग किंवा संशयिताचे हात तपासायचे असतील, तर यंत्र.