मोज्यांसाठी कोणत्या सुया घ्याव्यात? तीन प्रकारांची पारख

दोन सुयांवर स्वेटर विणणाऱ्यांना मोजा अवघड वाटतो आणि खापर फुटतं टाचेवर. पण टाचेची पट्टी तर सपाटच विणायची असते, स्वेटरसारखी. हात अडखळतो तो गोल विणताना, आणि तिथे निम्मा दोष सुयांचा असतो. म्हणून एकच मोजा प्रमाण धरून सुया पारखल्या आहेत: वरून खाली विणलेला, 64 टाक्यांचा. धागा चार पदरी, 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन. रेगिया किंवा ओपल या मोज्यांच्या धाग्याच्या ब्रँडचा 100 ग्रॅमचा गुंडा साधारण 420 मीटर भरतो, त्यात मोठ्या माणसाचा एक जोड होऊन थोडा धागा उरतो.

आधी नंबरांचा घोळ. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत सुया अजून जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 12 नंबर म्हणजे 2.75 मिमी, 13 म्हणजे 2.25. अमेरिकेत नेमकं उलट: तिथली 1 नंबरची सुई 2.25 मिमी. त्यामुळे नंबर सांगू नका, मिलिमीटर मागा. या धाग्याला 2.25 किंवा 2.5 मिमी हवी. 10 सेंमीत 30 टाके बसले पाहिजेत. पायाचा घेर 23 सेंमी असेल तर 69 टाके होतात. त्यातून दहा टक्के कमी करायचे, कारण मोजा ताणूनच बसतो, आणि जवळचा चारने भाग जाणारा आकडा घ्यायचा. म्हणून 64.

पाच सुयांचा संच (15 किंवा 20 सेंमी, दोन्ही टोकं अणकुचीदार): चार सुयांवर सोळा-सोळा टाके, पाचवीने विणायचं. पहिल्या तीन-चार फेऱ्या म्हणजे साळिंदर हातात धरल्यासारखं वाटतं. त्यानंतर मात्र मोज्याची रचना डोळ्यांपुढे उलगडते ती याच सुयांवर: दोन सुया टाचेच्या, दोन पायाच्या वरच्या बाजूच्या. टाचेच्या पट्टीच्या 32 ओळी विणताना प्रत्येक ओळीतला पहिला टाका न विणता उचलला की कडेला 16 मोठे फासे मिळतात. टाच वळवून (आखूड ओळींत टाके घटवत पट्टीला वाटीचा आकार देऊन) झाली की पट्टीचे 18 टाके उरतात. दोन्ही कडांचे 16-16 टाके उचलून आणि कोपऱ्यात एकेक जादा घेऊन वरच्या 32 टाक्यांसह एकूण 84 होतात. एक फेरी सोडून दोन-दोन घटवत 20 फेऱ्यांत पुन्हा 64. कोपऱ्यातला जादा टाका विसरला की तिथे हमखास भोक पडतं.

या संचाचा खरा तोटा म्हणजे दोन सुयांच्या सांध्यावर पडणारी शिडीसारखी फट. बहुतेक जण नव्या सुईवरचा पहिला टाका आवळतात. त्यापेक्षा दुसरा टाका विणताना धागा ओढा, पहिला आपोआप घट्ट होतो. सुया बांबूच्या घ्या. स्टीलवरून टाके सरसर सुटतात, सैल हाताच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. मात्र 2.25 मिमीची बांबूची सुई वाकते आणि जोर लावला तर मोडते. ज्यांचे टाके घट्ट पडतात त्यांनी कार्बनच्या सुया पाहाव्यात. निटप्रो या भारतीय कंपनीच्या कार्बोन्झ त्याच जातीच्या.

छोटी गोल सुई (23 सेंमी, दोन टोकं केबलने, म्हणजे बारीक लवचिक दोरीने, जोडलेली): सांधेच नाहीत, त्यामुळे फट नाही. पोटरीपासून घोट्यापर्यंतचा सरळ भाग हिच्याइतका झरझर कशावरच होत नाही. पण चवडा घटवताना टाके 48 च्या आसपास आले की ते केबलभर पोचत नाहीत आणि सुई बदलावीच लागते. टोकंही इतकी आखूड की मोठ्या पंजाच्या माणसाची बोटं आखडतात. एकुलती एक सुई म्हणून घेऊ नका.

लांब गोल सुई (80 सेंमी): टाके 32-32 असे दोन भागांत वाटायचे आणि मधून केबलचा फास ओढून घ्यायचा. यात कफ (मोज्याची वरची कड), टाच, चवडा सगळं एकाच सुईवर निभतं. लोकलमध्ये सुई सीटखाली गडगडत जाण्याचा प्रश्नही नाही. केबल ताठ असेल तर वैताग येतो. मिनिटभर गरम पाण्यात बुडवून सरळ करावी. सुई आणि केबल जुळते तिथे नख फिरवून पाहा. नख अडकलं तर धागाही अडकणार.

तीन लवचिक सुयांचा संचही मिळतो, जर्मनीच्या अॅडीचा क्रेझीट्रिओ त्यातला. टाके दोन सुयांवर, तिसरीने विणायचं, सांधे दोनच. उत्तम वस्तू, पण महाग. पहिल्या जोडासाठी इतका खर्च करू नये.

सुया कितीही चांगल्या असल्या तरी धागा चुकला की मोजा बिघडतो. ‘बेबी वूल’ नावाने मिळणारी लोकर बहुतेकदा अॅक्रिलिक असते. ती घाम शोषत नाही आणि ताणली की ताणलेलीच राहते. शंभर टक्के मेरिनो मऊ खरी, पण टाचेला लवकर विरते.

क्रोशावर हात बसलेल्यांना वाटतं, मोजे त्यावरच करावेत. होतात, पण कापड जाड येतं, ताणत नाही आणि बुटात तळव्याला गाठी टोचतात. क्रोशाची एक सोय मात्र सुयांना नाही: तिथे एकच टाका जिवंत, म्हणजे मोकळा असतो, सुटला तरी उसवतं थोडंच. भरतकाम तर कुठेही थांबवता येतं. मोजा अध्येमध्ये ठेवायचा असेल तर सुयांच्या टोकांना रबराची टोपणं लावा, आणि पहिल्या मोज्याच्या ओळी वहीत मांडून ठेवा, नाहीतर दुसरा हमखास आखूड होतो.

पहिल्या जोडासाठी बांबूचा 2.5 मिमीचा पाच सुयांचा संच, दुसऱ्यापासून 80 सेंमीची गोल सुई. टाके घालताना एक माप जाड सुई वापरा, कारण घट्ट कफ टाचेवरून चढत नाही. आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई जवळ असू द्या: चवड्याचे शेवटचे आठ-आठ टाके समोरासमोर शिवायला तीच लागते.