अर्ध्या किलोत किती गिन्न्या बसतात?

कापसा-तुरीचा पैसा हाती आला की पश्चिम विदर्भात गिन्नीवाले, म्हणजे इंग्रजी अमलातलं सोन्याचं नाणं स्वस्तात देतो म्हणून गंडवणारे ठग, हिंडू लागतात. हा धंदा जुना आहे, आणि त्यात अडकणारे अडाणी नसतात. ज्या व्यवहाराची ही हकीकत आहे त्यात 5 लाख रुपये गेले. घेणारा हिशोबाचा पक्का माणूस होता. नेमका एक हिशोब तेवढा त्यानं केला नाही.

सुरुवात आठवडी बाजारात झाली. मळकट कपड्यातले दोन मजूर, सोबत एक म्हातारी. रुमालाच्या गाठीतून एक गिन्नी काढून हातावर ठेवली. "भाऊ, आमाले यातलं काही समजत नाही. पाया खंदताना हंडा लागला. तुमी सोनाराले दाखवा, खरी निंगाली तरच बोला. पन कोनाले सांगू नका." नाणं त्याच्यापाशीच सोडून गेले.

सोनारानं कसोटीवर घासलं, तेजाब (आम्ल) लावलं, मग सोन्याची शुद्धता दाखवणाऱ्या कॅरेट मीटरखाली धरलं. टंच, म्हणजे शुद्धता, 91.6 टक्के, वजन 7.98 ग्रॅम. सोनार खोटं बोलला नाही. नमुना शंभर टक्के खराच असतो, आणि हा सगळा डाव त्या एका खऱ्या नाण्यावर उभा असतो. एवढी रक्कम ते भांडवल म्हणूनच घालतात.

हंड्याची गोष्ट आपल्याकडे पटते, त्याला कारण आहे. 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवीत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेही आली. 1899 पासून इंग्रजी सॉव्हरिन, म्हणजे आपली गिन्नी, हिंदुस्थानात 15 रुपयांना कायदेशीर चलन होती. 1918 मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीतच जवळपास 13 लाख गिन्न्या पाडल्या गेल्या. त्यामुळे आजीच्या पेटीत एखादी खरी गिन्नी आजही निघते. पण पेटीतली एक गिन्नी वेगळी आणि घराचा पाया खणताना सापडलेला हंडा वेगळा.

सौदा ठरला तो अर्ध्या किलोचा, 5 लाखांत. बाजारभावाच्या पासंगालाही न पुरणारी ही किंमत ऐकूनच पाय मागे घ्यायला हवा होता. पण भाव जितका कमी, तितकं "यांना खरंच काही कळत नाही" हे जास्त पटतं. नाल्याकाठच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दिवेलागणीनंतर, मोबाइलच्या उजेडात थैली काट्यावर ठेवली. काटा 500 ग्रॅम बोलला. वरची दोन नाणी दगडावर घासून पाहिली, तीही खरी वाटली. तेवढ्यात लांबून बॅटरी चमकली, कोणीतरी "पोलीस, पोलीस" ओरडलं आणि जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. पैसे तिकडे, थैली इकडे. हा ओरडा पुष्कळदा त्यांच्यातलाच असतो. मोजायला वेळ मिळू नये एवढंच त्याचं काम.

घरी मोजली तर थैलीत 130 नाणी.

आता हिशोब. गिन्नीचं ठरलेलं वजन 7.988 ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं 7.322 ग्रॅम, बाकी तांबं. म्हणजे 500 ग्रॅममध्ये 62, फार तर 63 गिन्न्या बसतात. त्याच मापाचं नाणं पितळेचं केलं तर ते जेमतेम 3.8 ग्रॅम भरतं, कारण पितळ 22 कॅरेट सोन्याच्या निम्म्याहूनही हलकं असतं. 500 भागिले 3.8, झाले 130 च्या आसपास. मोठी मशीन नको, तेजाब नको. थैली ओतून नाणी मोजली असती तर धुऱ्यावरच कळलं असतं.

कॅरेट मीटरवर फार विसंबू नये हेही इथंच सांगायला हवं. ते वरचा काही मायक्रॉनचा थर वाचतं. मुलामा जाड असला तर ते सोनंच सांगतं. कसोटीचा पुसट ओरखडाही तसाच. कानशीनं कडेला खोल काप मारला की आतलं दिसतं, पण तसं करू देणारा विकणारा भेटत नाही.

नाणं न कापता पाहायचं तर पाण्याचा उपाय आहे. काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा; किराण्याचा 1 ग्रॅमचा काटा इथं कामाचा नाही. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल असं लटकवायचं, तळाला वा कडेला टेकू द्यायचं नाही, बुडबुडा चिकटला तर झटकायचा. खऱ्या गिन्नीला आकडा 0.45 किंवा 0.46 येतो. 8 ग्रॅमचं पितळ 0.94 च्या आसपास जातं, आणि तेवढ्या वजनाचं करायचं म्हणजे नाणं दिसायलाही दुप्पट जाड होतं. 24 कॅरेटच्या 10 ग्रॅम नाण्याला 0.52 यायला हवा. कडी जोडलेली असेल तर आकडे बिघडतात, ती जोडताना दिलेल्या डागाचा (झाळणीचा) विचार करावा.

गिन्नीची मापं ही अशी: व्यास 22.05 मिलिमीटर, कडेची जाडी दीड मिलिमीटर, कडेला बारीक उभ्या रेघा. झिजून वजन थोडं कमी भरू शकतं, पण चलनात चालणाऱ्या गिन्नीचं किमान वजन 7.937 ग्रॅम होतं. मागच्या बाजूचा घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन इटालियन कोरीवकार पिस्त्रुचीनं 1817 मध्ये कोरला. 1918 च्या मुंबईच्या गिन्नीवर सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीवर मधोमध छोटा इंग्रजी 'आय' असतो. गिन्नीवर किंमत लिहिलेली नसते. किमतीचा आकडा दिसला की ती गिन्नीच नाही. त्या थैलीतली सगळी नाणी एकाच सालाची होती आणि राजाच्या मानेखाली प्रत्येकावर त्याच जागी तोच बारीक खड्डा होता. एका साच्यात ओतल्याची ती खूण.

गिन्नीऐवजी काही टोळ्या 'कंपनी सरकारचं रामदरबाराचं नाणं' आणतात, वर 1818, कधी 1717 साल. ईस्ट इंडिया कंपनीनं रामदरबाराचं नाणं कधीच पाडलं नाही. त्या तीर्थक्षेत्री विकल्या जाणाऱ्या नाण्यासारख्या चकत्या. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढण्याची म्हणतात तशी कसली शक्ती त्यांच्यात नाही. शिवरायांचा सोन्याचा होन अतिदुर्मिळ, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. तो पोत्यानं निघाला असं कोणी म्हटलं तर चहा पाजून वाटेला लावावं.

ज्यांना नाण्यातच पैसा घालायचाय त्यांच्यासाठी सरकारचं स्वतःचं नाणं आहे. 5 नोव्हेंबर 2015 ला आलेलं, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, 24 कॅरेट, 5 आणि 10 ग्रॅममध्ये, छेडछाड कळेल अशा वेष्टनात. परदेशी नाण्यांत एक घोळ नेहमी होतो: दक्षिण आफ्रिकेच्या, 1967 पासूनच्या क्रुगररँड नाण्यामध्ये 31.1 ग्रॅम शुद्ध सोनं असतं पण नाणं 33.93 ग्रॅमचं असतं, कारण ते 22 कॅरेट आहे. भाव लावताना एकूण वजन धरलं की तिथंच पावणेतीन ग्रॅम तांब्याचे पैसे सोन्याच्या भावानं जातात. खरेदी कोणतीही असो, पक्कं बिल, 3 टक्के जीएसटी, आणि बँकेतून घेतलं तर बँक ते परत घेत नाही हे आधीच धरून चालावं.

फसल्यावर लोक गप्प बसतात. गुप्तधन घ्यायला गेलो म्हणून आपल्यालाच धरतील ही भीती. 1878 चा निखात निधी कायदा आहे खरा: 10 रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, दडवलं तर सापडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. पण इथं जमिनीतून काही निघालेलंच नसतं. ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. फोन-पेनं पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 वर फोन लावावा. मोबाइलमधले कॉल पुसू नयेत, नाणी वितळवू नयेत, थैलीही फेकू नये.

त्या प्रकरणात तक्रार झाली. ठाण्यात पंच बसले, नाणी टेबलावर ओतली, नमुन्याची ती एक खरी गिन्नीही मुद्देमालात गेली. तपासणीचा अहवाल येईपर्यंत पोलीस सोनं म्हणत नाहीत, पितळही म्हणत नाहीत. पंचनाम्यात ओळ आली: पिवळ्या धातूची 131 नाणी.