एस्सिटालोप्राम + मिर्टाझापिन : दिवाळीपासूनचा अनुभव आणि 'प्लस' स्ट्रिपचा ताप

एस्सिटालोप्राम आणि मिर्टाझापिन ही दोन अँटिडिप्रेसंट (डिप्रेशनवरच्या गोळ्या) एकत्र घेण्याबद्दल लिहायचं बरेच महिने मनात होतं. शेवटी लिहायला बसवलं ते मेडिकलवाल्याने. मे महिन्यात त्याने मला साध्या एस्सिटालोप्राम 10 च्या जागी त्याच ब्रँडची 'प्लस' गोळी दिली. नाव तेच, स्ट्रिपही जवळपास तशीच. फरक एवढाच की आत एस्सिटालोप्रामच्या जोडीला क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे गुंगी आणणारं औषध, होतं. माझ्या चिठ्ठीवर क्लोनाझेपाम कुठेही नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या सगळ्या अनुभवातला सर्वांत धोक्याचा भाग तोच आहे. गोळ्यांचे स्वतःचे साइड इफेक्ट त्यापुढे परवडले.

एस्सिटालोप्राम मागच्या पावसाळ्यात सुरू झालं, आधी 5, मग 10. सुरुवातीची मळमळ दोनेक आठवड्यांत गेली. काउंटरवर बसल्या बसल्या रडू फुटायचं ते थांबलं. मी पतसंस्थेत आहे, समोर माणसं उभी असतात, त्यामुळे हा फायदा माझ्यासाठी फार मोठा होता. पण दोन गोष्टी हलायला तयार नव्हत्या. पहाटे तीनला डोळे टक्क उघडायचे आणि भूक पार मेलेली. घरात फराळाचे डबे भरलेले आणि मला चकलीचा वाससुद्धा नको व्हायचा.

डॉक्टरमॅडमनी तीन वाटा सांगितल्या : आहे तीच गोळी वाढवणं, ती बदलणं, किंवा दुसरी जोडणं. निम्मं बरं वाटत असताना ते घालवून नव्याने सुरुवात करायची माझी तयारी नव्हती. मग जोडायची कोणती? माझ्या एका मैत्रिणीला एस्सिटालोप्रामबरोबर बुप्रोपियॉन दिलंय आणि तिला ते मानवलंय, म्हणून मी तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, ती गोळी तरतरी आणणारी आहे, झोप आणि भूक दोन्ही कमी करू शकते. दिवसभर लोळत राहावंसं वाटणाऱ्याला ती बरी, तुम्हाला उलटी पडेल. फिट येण्याचा इतिहास असेल तर ती देतही नाहीत. म्हणून मला मिर्टाझापिन 7.5, रात्री. त्यांचं म्हणणं मला तेव्हाच पटलं. दुसरी गोळी निवडताना पहिलीने काय शिल्लक ठेवलंय ते बघतात, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं. मैत्रिणीची जोडी आपल्याला लागू होत नाही.

काम कसं चालतं ते थोडक्यात. एस्सिटालोप्राम सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन पेशीत परत शोषलं जाऊ देत नाही. मिर्टाझापिन दुसऱ्या बाजूने येतं, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन (तसंच दुसरं रसायन) सोडण्यावरचा ब्रेक काढतं. शिवाय हिस्टामिनचे रिसेप्टर (पेशीवरच्या त्या रसायनाच्या जागा) जोरात अडवतं, म्हणून झोप आणि म्हणूनच भूक. सेरोटोनिनच्या ज्या रिसेप्टरमुळे मळमळ होते तोही अडवतं, त्यामुळे पहिल्या गोळीची उरलीसुरली मळमळही माझी गेली. आणखी एक सांगते, कारण बायका हे डॉक्टरांशीसुद्धा बोलत नाहीत. एस्सिटालोप्रामने नवरा-बायकोतल्या जवळिकीची इच्छा कमी होते, अगदी नेहमीचा साइड इफेक्ट आहे तो. मिर्टाझापिनमुळे हा त्रास तुलनेने कमी होतो. माझा पहिल्या गोळीने झालेला फरक पूर्ण भरून आला नाही, पण दुसरीने वाढलाही नाही.

झोप पहिल्याच रात्री आली. मनावरचा परिणाम मात्र चार-सहा आठवडे मागत होता. हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर झोप लागली म्हणजे गोळी लागू पडली असं वाटतं, किंवा झोप लागूनही मन उदास म्हणून ती फुकट गेली असं वाटतं.

आता भुकेबद्दल. मार्चमध्ये मी हा अनुभव लिहायला घेतला होता तेव्हा नुसतं एवढंच लिहिलं होतं : 'मिर्टाझापिन घेऊ नका, वजन वाढतं.' तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. नऊला जेवण, झोपायच्या तोंडावर गोळी, आणि साडेदहाला पुन्हा ओट्याशी. साधी भूक नव्हतीच ती, गोडाची होती. शिळी पोळी तूप-गूळ लावून, मग राजगिऱ्याचे लाडू, मग साखरेचा डबा. पोट भरलेलं असताना हात जायचा. माझ्या आईला मधुमेह होता, त्यामुळे वजनाच्या काट्यापेक्षा मला साखरेची भीती जास्त. होळीला पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते सासूबाईंनी पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. ब्लाऊज उसवून घ्यायचे, नवे पंजाबी ड्रेस घ्यायचे, हा खर्च कुठल्याच डॉक्टरच्या बिलात दिसत नाही, पण तो गोळीचाच खर्च आहे. त्यात सकाळी दहा-अकरापर्यंत डोकं जड, आणि मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षअखेर. आकडे दोनदोनदा तपासावे लागत होते.

गोळी बंद करा असं सांगायलाच गेले होते. मॅडमनी बंद न करता 15 केली. मला ते उफराटं वाटलं. त्यांनी समजावलं की या गोळीत कमी डोसला गुंगी उठून दिसते, डोस वाढला की नॉरअॅड्रेनॅलिनची बाजू जोर धरते आणि काहींची गुंगी कमी होते. सगळ्यांचं असं होतंच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शिवाय गोळी झोपायच्या तोंडावर न घेता रात्री साडेआठला, जेवणाच्या जरा आधी. आणि HbA1c (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) व कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला लावलं, वजनाची नोंद दर महिन्याला.

माझ्या बाबतीत हे लागू पडलं. सकाळचं जडत्व आठवड्याभरात बरंच उतरलं. भूक पूर्ण गेली नाही, पण गोळी लवकर घेतल्यामुळे तिचा जोर जेवणातच निघून जातो आणि साडेदहापर्यंत मी झोपलेली असते. घरात गोडाचा डबा आता सासूबाईंच्या खोलीत असतो, हातासरशी फुटाणे आणि ताक. वजन वाढायचं थांबलंय, वाढलेलं उतरलेलं नाही. HbA1c हद्दीच्या आत आहे. म्हणून मार्चमधलं ते वाक्य मी खोडून टाकते. वजन वाढतं हे खरं, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच आकडे तपासले आणि वेळ बदलली तर ते हाताबाहेर जाण्याआधी धरता येतं.

दोन गोळ्यांचा दुप्पट खर्च कशासाठी, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो एम.डी. करतोय. त्याने प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगितल्या. अमेरिकेत 2011 मध्ये 665 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराच्या सुरुवातीलाच दोन गोळ्या दिल्या तर एकीपेक्षा जास्त लोक बरे झाले नाहीत, व्हेन्लाफॅक्सिन (आणखी एक अँटिडिप्रेसंट) आणि मिर्टाझापिनच्या जोडीत साइड इफेक्ट मात्र वाढले. 2018 मध्ये ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या 480 रुग्णांना, ज्यांना एका गोळीने पुरेसा गुण आला नव्हता, मिर्टाझापिन जोडून पाहिलं. 12 आठवड्यांनंतर दिसलेला फायदा इतका लहान की त्याच्या जोरावर ती सरसकट जोडा असं म्हणता येत नव्हतं, आणि या गटात साइड इफेक्टमुळे गोळी सोडणारे जास्त. दुसऱ्या बाजूला 2022 मध्ये 39 अभ्यास एकत्र करून, 6751 रुग्णांचा हिशोब मांडला गेला. त्यात जोडी एकट्या गोळीपेक्षा सरस दिसली, आणि विशेष करून मिर्टाझापिनच्या प्रकारची गोळी जोडलेली.

मी यातून माझ्यापुरतं हे घेतलं : जोडी हा हुकमी इलाज नाही, पहिली गोळी पुरेशा डोसमध्ये पुरेसा काळ न घेता दुसरी मागू नये, आणि जोडल्यावर तीनेक महिन्यांत स्पष्ट फरक दिसला नाही तर ती चालू ठेवण्यासाठी कारण विचारावं. माझी झोप परत आली, सकाळी पोरीशी नीट बोलता येतं, कामावर दांड्या नाहीत. मला दुसऱ्या गोळीचे पैसे वसूल वाटतात.

आता ती स्ट्रिप.

नेहमीच्या दुकानात माझा ब्रँड संपला होता म्हणून घराजवळच्या दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले. चिठ्ठी दाखवली, स्ट्रिपा मिळाल्या, बिल झालं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत चालताना तोल जातोय असं वाटायला लागलं. दुपारी खुर्चीत डोळे मिटायचे. एका सभासदाच्या पासबुकात मी तीच नोंद पुन्हा केली. बाथरूममध्ये पाय सरकला, नळ हाताला लागला म्हणून वाचले. मला वाटलं मिर्टाझापिन 15 अंगावर येतंय. ती बंद करण्याच्या विचारात होते. मुलीने औषधाच्या डब्यातल्या स्ट्रिपा मोबाइलचा टॉर्च लावून वाचल्या तेव्हा कळलं. मिर्टाझापिनची गुंगी आणि त्यावर क्लोनाझेपामची गुंगी, एकावर एक.

दुकानात गेले तर तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, सेमच आहे. ह्यात फक्त झोपेसाठी थोडं ॲडिशनल आहे. लोक हीच जास्त नेतात." त्याचं शेवटचं वाक्य खरं असेलही. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत बांधून सर्रास मिळतं. पण क्लोनाझेपाम हे अँटिडिप्रेसंट नाही. त्याची सवय लागते, ते एकदम तोडता येत नाही, आणि डॉक्टर देतात ते बहुतेक वेळा थोड्या काळासाठी. ते 'थोडं ॲडिशनल' कसं? मी मालकाला बोलवा म्हटलं. मालक आले, उरलेली स्ट्रिप परत घ्यायला तयार, फोडलेलीचे पैसे द्यायला नाही. पैशांवरून मी वाद घातला, घालायलाच हवा होता, पण त्याहून जास्त मला एक गोष्ट त्यांच्याकडून ऐकायची होती, की चिठ्ठीवर नसलेलं औषध आम्ही दिलं. ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

त्रास तिथेही संपला नाही. मॅडम म्हणाल्या, इतके दिवस घेतलंय तर एकदम न थांबवता उतरवू. आता ही जोडगोळी अर्धी करायची म्हटलं तर एस्सिटालोप्रामही अर्धं होतं. म्हणून एस्सिटालोप्राम वेगळं चालू ठेवून क्लोनाझेपाम 0.25 ची वेगळी स्ट्रिप विकत घ्यावी लागली, काही दिवसांसाठी. जे औषध मला नकोच होतं, ते सोडण्यासाठी तेच पैसे देऊन आणलं. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. माझ्या जागी सत्तरीतल्या सासूबाई असत्या आणि नळ हाताला लागला नसता तर खुब्याचं हाड गेलं असतं.

तेव्हापासून चिठ्ठीवर ब्रँड नको, घटकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, आणि शेजारी 'क्लोनाझेपाम नको' असंही लिहा, अशी विनंती मी मॅडमना केली. त्यांनी ती लगेच मानली. काउंटर सोडण्याआधी स्ट्रिपच्या मागची बारीक ओळ वाचते, रांग थांबली तरी. दिसत नसेल तर दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावते. एस्सिटालोप्राम मी जनऔषधी केंद्रातून आणते, तिथे गोळी साधीच असते आणि पैसेही कितीतरी कमी. मिर्टाझापिन दर वेळी मिळत नाही, म्हणून आधी फोन करते.

अशा आणखी काही गोष्टी, ज्या मला कोणीतरी आधी सांगायला हव्या होत्या. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहिलं होतं. मी दोन्ही गोळ्यांची नावं सांगितल्यावर त्यांनी ते काढलं. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांवर ट्रॅमाडॉल, किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध पडलं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो : हातपाय थरथरणं, घाम, जुलाब, ताप, स्नायू आपोआप उडणं, गोंधळलेपण. अशा वेळी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी एस्सिटालोप्रामबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः सोबत लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर. आणि मिर्टाझापिनवर असताना ताप व घसा दोन्ही धरले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासतात. त्या घटणं दुर्मीळ असतं, पण तो तपास टाळू नये.

गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना पहिल्या आठवड्यांत तगमग वाढली, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये हा धोका जास्त, त्यांच्याजवळ कुणीतरी असावं. डॉक्टर फोनवर मिळाले नाहीत तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

सध्या एस्सिटालोप्राम 10 सकाळी, मिर्टाझापिन 15 रात्री साडेआठला. बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने दोन्ही तशाच ठेवायच्या, मग आधी मिर्टाझापिन हळूहळू उतरवायची, एस्सिटालोप्राम त्यानंतर, असं ठरलंय. 7.5 वर परत येईन तेव्हा सकाळची गुंगी परत येते का, आणि तीनला डोळे उघडतात का, ते इथेच खाली लिहीन.