विंचवाचं बिऱ्हाड आणि वरणाच्या रंगाची मॅक्सी

जुन्या ब्रिटिश गाड्यांचा विषय निघाला की लोक मिनीबद्दल बोलतात, मॉरिस मायनरबद्दल बोलतात, पैसेवाले जॅग्वारबद्दल. ऑस्टिन मॅक्सीचं नाव कोणी काढत नाही, आणि काढलंच तर हसण्यासाठी. आमच्याकडे ती १९७९ ते १९८६ अशी सात वर्षं होती. कागदोपत्री ह्यांची, पण ती भरायची, रिकामी करायची आणि पुढेपुढे चालवायचीही मीच. त्यामुळे तिच्याबद्दल चार शब्द लिहायचा हक्क माझाच.

हे मिरजेहून एमबीबीएस करून १९७७ मध्ये इंग्लंडला आले, मागोमाग मी. त्या काळी आपल्याकडच्या ज्युनियर डॉक्टरला मिळायची ती नोकरी सहा महिन्यांची, नशीब जोरावर असेल तर वर्षाची. मुदत संपली की हॉस्पिटलने दिलेली खोली सोडायची आणि पुढचं गाव गाठायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पहिली दोन बिऱ्हाडं आम्ही ट्रेनने हलवली. दुसऱ्या वेळी शेफील्डच्या फलाटावर पिशवीतून पोळपाट निसटला आणि चाकासारखा घरंगळत गेला. एका रेल्वेवाल्याने तो पायाने अडवला, रुमालाने पुसला आणि अदबीने माझ्या हातात दिला. त्याच रात्री ठरलं, आता गाडी.

बार्न्सलीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे १९७५ ची मॅक्सी होती, नंबराच्या शेवटी 'एन' अक्षर असलेली. नऊशे पौंड म्हणाले. हे बॉनेट उघडून उगाच आत बघत बसले. ह्यांना माणसाच्या पोटातलं कळतं, गाडीच्या नाही. मास्तरांनी मला मागे बोलावलं. मागचं दार वर उचललं, सीटची पाठ पुढे पाडली आणि न बोलता बाजूला झाले. आत सपाट जमीन, थेट पुढच्या सीटांपर्यंत. मला तिथे गादीची वळकटी, शिलाई मशीन आणि पिठाचा डबा ठेवलेले दिसायला लागले. "घेऊया," मी म्हटलं. हे अजून बॉनेटमध्येच होते.

रंग मातकट पिवळा. कंपनीने त्याला 'हार्वेस्ट गोल्ड' असं भारदस्त नाव दिलं होतं, आमच्या घरी त्याला वरण म्हणायचे.

दिसायला गाडी बरी नव्हती, हे आधीच कबूल करते. त्याला कारण आहे. खर्च वाचवायला तिला ऑस्टिन १८०० या मोठ्या गाडीची दारं बसवली होती. दारं ठरली म्हणजे गाडीचा मधला भाग ठरला, मग नाक आणि शेपूट उरलेल्या जागेत कसंबसं. एकूण लांबी चार मीटरच्या आसपास, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तब्बल अडीच मीटरहून जास्त अंतर. बाहेरून बुटकी, आत दिवाणखाना. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, ओढणारी चाकं पुढची, त्यामुळे मधून गेलेला तो बोगद्यासारखा उंचवटाही नाही. ही सगळी अ‍ॅलेक इसिगोनिसची करामत. मॉरिस मायनर त्याची, मिनी त्याची, आणि मॅक्सी ही त्याची बाजारात आलेली शेवटची गाडी. इंग्लंडच्या घराघरात गाडी पोचवणारा हा माणूस जन्मला तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरात आणि सोळा-सतराव्या वर्षी इथे आला. हे मला कळलं तेव्हा गाडीबद्दलचा आपलेपणा वाढला, खोटं कशाला बोलू.

आणखी एक नातं ह्यांनी शोधून काढलं होतं. मॅक्सी बनायची ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात. आपली अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली, तीही काउलीचीच. म्हणजे माहेरच्या नात्यातली निघाली.

मग तिचं नाव खराब का झालं? १९६९ मध्ये ती आली तेव्हा पाच दारं आणि पाच गिअर अशी घरगुती गाडी ब्रिटनमध्ये नवलाईचीच होती. फ्रान्समध्ये रेनोची १६ मागच्या उघडणाऱ्या दारासह चार वर्षं आधी आली होती, पण इंग्रज गिऱ्हाइकाला डिकी वेगळी असलेली गाडीच खरी गाडी वाटायची. त्यात सुरुवातीच्या मॅक्सीत गिअर केबलींनी बदलायचे, आणि घट्ट झालेल्या पिठल्यात डाव फिरवावा तशी त्याची ख्याती झाली. १९७० च्या अखेरीस केबली काढून दांड्या बसवल्या, जोडीला १७४८ सीसीचं मोठं इंजिन आलं आणि गाडी सुधारली. पण एकदा कपाळी बसलेला शिक्का पुसतोय कसला! १९८१ पर्यंत ती बनत राहिली, पावणेपाच लाखांच्या आसपास. तेवढ्या काळात बाकीच्यांनीही मागच्या उघडणाऱ्या दाराची कल्पना उचलली आणि आज तशी गाडी नसेल तर माणूस चकित होतो.

आमची दांडीवाली. मी गाडी शिकले ती हिच्यावरच, त्यामुळे लांबलचक गिअरचं मला कधी काही वाटलं नाही. पहिल्या परीक्षेत नापास झाले तो दोष माझा: चौकाच्या गोलात शिरले आणि बाहेर पडायचा रस्ता आठवेना, म्हणून परीक्षकांना दोनदा प्रदक्षिणा घडवली. दुसऱ्या वेळी पास.

आता मुख्य गोष्ट, सामान. सहा बिऱ्हाडं हलवून माझा क्रम पक्का झाला होता. सगळ्यात खाली ह्यांची परीक्षेची पुस्तकं, कारण तीच सर्वांत जड आणि वाटेत कोणालाच लागत नाहीत. त्यावर गादी, गादीत मिक्सर आणि काचेची भांडी. डाव्या बाजूला शिलाई मशीन, त्याच्या पोटाशी कुकर, कुकरात डाळीच्या पुड्या. फटीफटीत चादरी. देव माझ्या मांडीवर, मी चालवत असले की ह्यांच्या. आणि एवढं सगळं भरून गाडी रस्त्याला लागली की ती रिकामी असण्यापेक्षा छान चालायची, हे मी शपथेवर सांगते. तिच्यात स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकापाशी रबर आणि पाणी भरलेला एक डबा, आणि एका बाजूचे पुढचा-मागचा डबा नळीने जोडलेले. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की पाणी मागे ढकललं जाऊन मागची बाजूही उचलली जायची, म्हणून गाडी नाक वर-खाली न करता एकसंध तरंगायची. ह्या यंत्रणेचं नाव हायड्रोलास्टिक. १९७८ पासूनच्या मॅक्सीत रबराच्या जागी वायू आला. आमची लेक मात्र रबर-पाण्यावरच झोपायची. हॉस्पिटलच्या पाळण्यात रडून गोंधळ घालणारी पोर मॅक्सीत बसली की दहाव्या मिनिटाला गप्प.

१९८२ च्या जानेवारीत बार्न्सलीहून रॉचडेलला बिऱ्हाड नेलं तो दिवस. एम६२ हा इंग्लंडमधला सगळ्यात उंचावरून जाणारा मोटरवे, पेनाइन डोंगर ओलांडतो तिथे ३७२ मीटरवर. त्याच्या दोन बाजूंच्या मधोमध एक जुनं शेतघर आहे, डावीकडून गाड्या, उजवीकडून गाड्या आणि मध्ये मेंढ्या. त्या दिवशी मेंढ्या दिसेनात, इतका बर्फ. चढावर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या शेपटी हलवत कडेला जाऊन थांबत होत्या. आमच्या पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार, मागे मशीन-कुकर-पुस्तकं. तिसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, मॅक्सी एकदाही न घसरता वर गेली. हे सबंध वेळ रामरक्षा म्हणत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "छे, मी औषधांची नावं पाठ करत होतो."

त्याआधी, १९८१ च्या जुलैत, आई आणि अण्णा म्हणजे माझे सासू-सासरे मिरजेहून आले होते. चार्ल्स-डायनाच्या लग्नाची सुट्टी जोडून आम्ही स्कॉटलंड दाखवायला निघालो आणि फोर्ट विल्यमला रात्री आठ वाजता कळलं, गावात एकच खोली शिल्लक, तीही एका माणसाची. अण्णा आणि हे त्या खोलीत गेले. मी मॅक्सीतली मागच्या सीटची पाठ मागे पाडली, पुढच्या दोन्ही सीट पार आडव्या केल्या, वर सोलापुरी चादरी अंथरल्या. झाला पलंग. आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, हे काय, गाडीत झोपायचं? लोक काय म्हणतील?" म्हटलं, आई, इथे आपल्याला ओळखणारं आहे कोण? आम्ही तिघी झोपलो, मधे लेक. बीटल्सवाल्या जॉन लेननने १९६९ मध्ये ह्याच स्कॉटलंडात मॅक्सी रस्त्यावरून खाली घातली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. सकाळी काचांवर वाफ धरलेली, आई पदर सावरत उठून बसल्या आणि म्हणाल्या, "महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थपेक्षा बरं आहे हो." अण्णांची मात्र कंबर धरली होती, खोलीतली कॉट ह्यांनी त्यांना दिली होती, पण ती मधून खचलेली निघाली.

लोणच्याची बरणी फुटली तीही त्याच सहलीत. आईंनी मिरजेहून आणलेली, मी नीट गुंडाळली नव्हती. तेल मागच्या गालिच्यात मुरलं. सोडा लावला, व्हिनेगर लावलं, उन्हात उघडी ठेवली. इंग्लंडचं ऊन ते. पुढची पाच वर्षं हीटर लावला की गाडीला मोहरी-हिंगाचा वास यायचा. लेक शाळेत सांगायची, आमची गाडी कैरीची आहे.

उणं सांगायचं तर, बसणं बसमधल्या ड्रायव्हरसारखं, सुकाणू आडवं. वेगाची हौस असेल तर दुसरी बघा. पेट्रोल गॅलनला तीसेक मैल, भरलेल्या गाडीला त्याहून कमी. आणि गंज. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते त्या काळच्या कुठल्याच पत्र्याला सोसत नसे. आमचीही दाराखालची पट्टी १९८५ मध्ये पोखरली. आता कोणाला हौसेने मॅक्सी घ्यायची असेल तर आधी तिथेच बोटाने दाबून बघा. मग मागे चार पावलं जाऊन बघा, दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आहेत ना. एक बाजू बसलेली असेल तर पाणी गळतंय. केबलवाली हौशी संग्राहकांना राहू द्या. चाळीस वर्षं उलटल्यामुळे इथे आता तिला रोड टॅक्स नाही, मोठे फेरफार केले नसतील तर वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. पेट्रोल ई५ च घाला, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, दहा टक्क्यांपर्यंतचं ई१० नको.

१९८६ मध्ये लेस्टरला ह्यांची नोकरी कायम झाली, घर झालं, आणि मॅक्सी एका कुत्रे पाळणाऱ्या गृहस्थाला विकली. त्यांचा कुत्रा मागच्या गालिच्यावरून तोंड हलवेना. वीस पौंड त्यांनी वासाचे कमी केले.

काही वर्षांपूर्वी गेडनच्या मोटार म्युझियमच्या आवारात जुन्या गाड्या जमल्या होत्या, तिथे एक वरणाच्या रंगाची मॅक्सी उभी होती. मालक भला माणूस, मागचं दार उघडून दाखवलं. मी वाकले आणि नाक आत घालून दीर्घ श्वास घेतला. त्याने काळजीने विचारलं, पेट्रोल गळतंय का? म्हटलं, नाही हो, चांगली ठेवलीत.