बंद केलेला फोन शोधताना: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये दादरला लोकलमध्ये चढताना फोन पर्समध्ये होता आणि ठाणं गेल्यावर चौथी सीट मिळाली तेव्हा नव्हता. शेजारच्या बाईच्या फोनवरून नंबर लावला. पहिल्यांदा दोन रिंगा गेल्या. लगेच पुन्हा लावला तर ‘क्रमांक सध्या बंद आहे’. मध्ये अर्धं मिनिटही गेलं नसेल. पडलेला फोन बॅटरी संपेपर्यंत वाजतो, हा कोणीतरी हाताने बंद केला होता.

तेव्हापासून फोन नकाशावर दाखवणारं गूगलचं फाइंड हब (पूर्वीचं फाइंड माय डिव्हाइस, मे २०२५ मध्ये नाव बदललं) आणि हरवलेला फोन ब्लॉक करून देणारं दूरसंचार विभागाचं संचार साथी, दोन्ही गरजेपोटी वापरतेय. नवा फोन घेतल्यावर घरच्यांचे फोन मुद्दाम बंद करूनही पाहिले. हा त्या सगळ्याचा अनुभव.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण तेव्हा मला ती कोणी सांगितली नाही. ‘आयएमईआय टाका, बंद फोन नकाशावर बघा’ असं सांगणारी जी ॲप आणि व्हिडिओ आहेत ती शुद्ध थाप आहे. फोन बंद झाला की तो टॉवरशी बोलणं थांबवतो. आयएमईआय हा फोनचा पंधरा आकडी क्रमांक, तो स्वतःहून कुठूनही हाक मारत नाही. पहिल्या रात्री अशाच एका साइटने माझ्याकडे एकोणपन्नास रुपये मागितले होते. द्यायच्या बेतातही होते मी. मुलाने लॅपटॉप मिटला.

त्या रात्री फाइंड हबने काय दाखवलं? विद्याविहारजवळ रुळांवर एक ठिपका आणि खाली वेळ. फोन शेवटचा ऑनलाइन होता ती जागा, बस. तो ठिपका पाहायलाही मला घरी पोचावं लागलं. गाडीत मैत्रिणीच्या फोनवर लॉगिन करायला गेले तर टू-स्टेपचा, म्हणजे पासवर्डनंतर ‘हे तुम्हीच ना?’ असा दुसऱ्या खात्रीचा प्रश्न त्याच हरवलेल्या फोनवर गेला! घरचा लॅपटॉप आधीपासून लॉगिन होता म्हणून निभावलं. अशा वेळी टाकायला गूगल खात्यात आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड काढून ठेवता येतात. आता ते कागदावर लिहून रेल्वे पासच्या पाकिटात आहेत आणि एक प्रत नवऱ्याच्या पाकिटात.

मुलाने माझं खातं उघडून ऑफलाइन शोधाचं सेटिंग पाहिलं आणि कपाळावर हात मारला. या सेवेत आसपासचे अनोळखी अँड्रॉइड फोन ब्लूटूथवरून आपल्या फोनची चाहूल घेतात आणि जागा कुलूपबंद करून गूगलकडे पाठवतात. त्यामुळे इंटरनेट नसलेला फोनही सापडू शकतो. तसा मेल मला आला होता. ‘कशाला आपलं लोकेशन सगळ्यांना’ म्हणून मीच ते बंद करून टाकलं होतं. चालू ठेवायचे दोन प्रकार आहेत. एकात फक्त गर्दीच्या जागी, म्हणजे बऱ्याच फोनांनी चाहूल घेतली तरच जागा दिसते. दुसऱ्यात सगळीकडे, एका फोनने घेतली तरी पुरे. कोकणात, घाटात, गावाकडे जाणाऱ्यांनी दुसराच निवडावा असं माझं मत. सुरुवातीला पहिला असतो.

पण हेही फोन चालू असेपर्यंतच. पूर्ण बंद फोनने चाहूल द्यायची तर त्यात तशी सोय मुळातच लागते. आयफोनमध्ये ती २०२१ च्या आयओएस १५ पासून आहे, साधारण आयफोन ११ आणि पुढच्यांत. एसई मालिकेत नाही. गूगलने पिक्सेल ८ आणि ८ प्रोपासून दिली. बहिणीचा आयफोन बंद करून तिच्याच कपाटात साड्यांखाली ठेवला आणि माझ्या भाच्याच्या फोनवरून शोधला, तर बिल्डिंग बरोबर आली. फोन बंद करायच्या पडद्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बंद केल्यावरही तो सापडू शकतो. ही शिलकीतली बॅटरी तासांच्या हिशोबाची, दिवसांच्या नाही. माझा नवा पंधरा हजारांचा फोन बंद करून नवऱ्याला त्याच्यासकट बाजारात पाठवलं. तो भाजी घेऊन परत आला तरी ठिपका आमच्या स्वयंपाकघरातच. अपेक्षाच होती. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल दहा वेळा विचारले, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्याऐवजी स्वस्तातली एक गोष्ट केली. बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये ‘बंद करायला पासवर्ड हवा’ असं सेटिंग असतं. पडदा लॉक असताना वरची पट्टी खाली ओढून नेट बंद करता येऊ नये, असंही. दोन्ही चालू केली. बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद करणारा करेलच, पण गर्दीत खिसे मारणाऱ्याला मिनिटभर तरी झटापट करावी लागते. तेवढ्यात एखादा नवा ठिपका मिळतो.

पुढचा प्रश्न सिमचा. सिम लगेच बंद केलं तर फोनचं नेट जातं आणि तो नकाशावर येण्याची आशाही. नाही केलं तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेतले जातात. मी आधी बँक आणि यूपीआय बंद केलं, मग सिम. ठिपक्यासाठी पैसे पणाला लावण्यात अर्थ नाही. आता सिमलाच पिन लावलाय. फोन सुरू करताना चार आकडे टाकायचा त्रास आहे, चालतो.

फाइंड हबमधून ‘मिटवा’ करायचा, म्हणजे फोनमधलं सगळं दुरूनच पुसायचा मोह होतो तोही आवरावा. फोन पुन्हा ऑनलाइन आला की आज्ञा लागू होते, आणि एकदा मिटला की फाइंड हबवर तो दिसतच नाही. फोन खात्यातून काढून तर अजिबात टाकू नये. खातं जोडलेलं असलं की रीसेट केल्यावरही जुना पासवर्ड मागतो.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात. हवालदार म्हणाले, “मॅडम, कोणी घेताना बघितलं का? नाही ना? मग गहाळ लिहू.” तासभर बसून गहाळचा दाखला घेऊन आले. माझ्या मते चोरीच होती, पण संचार साथीवर फोन ब्लॉक करायला तक्रारीची प्रत चालते, म्हणून वाद घातला नाही. डुप्लिकेट सिम घेतलं तर त्यावर पहिले चोवीस तास एसएमएसच येत नाहीत, म्हणजे ब्लॉकच्या फॉर्मला लागणारा ओटीपीही नाही, हे आणखी एक.

संचार साथीतला ब्लॉक करायचा भाग म्हणजे सीईआयआर. त्याची पहिली चाचणी २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच झाली आणि मे २०२३ पासून ते देशभर आहे. फॉर्ममध्ये आयएमईआय, पोलीस तक्रार, बिल. दोन सिमच्या फोनला आयएमईआयही दोन असतात, दोन्ही टाकायचे. फोन हातात असताना *#०६# दाबलं की दिसतात, नसताना खोक्यावर. खोका मी माळ्यावरच्या दिवाळीच्या कंदिलाखालून काढला. ब्लॉक झाल्यावर त्या फोनला भारतातल्या कुठल्याच कंपनीचं नेटवर्क मिळत नाही. वायफाय मात्र चालतं. आणि कोणी त्यात सिम घातलंच तर ती नोंद पोलिसांकडे जाते. म्हणजे हे बंद फोन शोधत नाही, तो चालू व्हायची वाट बघतं.

वाट बघण्यात पाच महिने गेले.

मध्ये ऑगस्टमध्ये सासूबाईंचा फोन चिपळूणला लग्नात राहिला. घरी पोचेपर्यंत बंद, बॅटरी जुनी. पण त्यांच्या फोनवर मी जुलैमध्येच सगळं चालू करून ठेवलं होतं. ठिपका हॉलवर, वेळ दुपारी पावणेचार. म्हणजे रिक्षात नाही, गाडीत नाही, हॉलमध्येच. आई म्हणत होत्या, “मी शपथेवर सांगते, रिक्षातच पडला.” हॉलच्या मॅनेजरना फोन केला, त्यांनी आधी खुर्च्या पाहिल्या, मग वधूपक्षाची खोली. ओटीच्या नारळांच्या पिशवीत, ब्लाउजपिसांच्या खाली सापडला. बंद फोनचा शेवटचा ठिपका कामाचा असतो तो असा, फोन जागचा हलला नसेल तेव्हा.

नोव्हेंबरअखेर माझ्या नंबरवर मेसेज आला की फोन वापरात आल्याचं दिसतंय, पोलिसांशी संपर्क साधा. ठाण्यातून म्हणाले, “बोलावू.” जानेवारीत पोलिसांच्या रेझिंग डेच्या आठवड्यात बोलावलं. खुर्च्या, हार, फोटो, आणि टेबलावर प्लास्टिकच्या पिशव्यांत रांगेने लावलेले पन्नासेक फोन. माझ्या फोनला गुलाबी चकाकणारं कव्हर होतं, माझं नव्हे. पडद्यावर मुलाचा फोटो तसाच होता. लॉक कोणालाच उघडलं नव्हतं.

घरी येऊन सिम घातलं तर नेटवर्क नाही. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. ब्लॉक मी केलेला, काढायलाही मलाच हवा. त्यासाठी अर्ज करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी लागतो. तो मी बिलाच्या पाठीमागे लिहिला होता, बिल खोक्यात, आणि खोका नवऱ्याने डिसेंबरच्या साफसफाईत पुन्हा माळ्यावर टाकलेला.

फोन आता आईंकडे आहे. गुलाबी कव्हर त्यांना आवडलं, काढू देत नाहीत.