चांदीचं स्मारक नाणं : हौस म्हणून मस्त, बचत म्हणून नको

नवीन स्मारक नाण्याची, म्हणजे कुणा मोठ्या माणसाच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीत सरकार काढतं त्या नाण्याची, बातमी आली की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज ठरलेला, "घेऊन ठेवायचं का? पुढे किंमत वाढेल ना?" २०२५ मध्ये अहिल्यादेवींचं ३०० रुपयांचं नाणं आलं तेव्हा तर माझ्या मावसबहिणीने लेकीच्या नावाने दरवर्षी असं एक नाणं घ्यायचा प्लॅनच करून टाकला, एफडीऐवजी म्हणे. मी ही नाणी बरीच वर्षं हौसेने घेतोय म्हणून तिने मला विचारलं, आणि तिला जे फोनवर सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी माल कसा आहे ते. खरं सांगायचं तर झकास. १००, १२५, १५० रुपयांची जी मोठी नाणी गेली काही वर्षं येत आली ती बहुतेक सगळी एकाच मापाची, ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम. हातात घेतलं की वजन जाणवतं. यूएनसी आणि प्रूफ असे दोन प्रकार मिळतात. यूएनसी म्हणजे साधं, पण चलनात न फिरलेलं कोरं नाणं. प्रूफ म्हणजे पॉलिश केलेल्या साच्यावर एकापेक्षा जास्त ठोके देऊन काढलेलं, मागची जमीन आरशासारखी आणि चेहरा दुधी, मॅट. ट्यूबलाईटखाली जरा तिरकं धरलं की चेहरा एकदम उठून येतो, ते बघायला खरंच मजा येते. सालाच्या खाली छोटा हिरा असेल तर मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टाकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे, तिथली खूण असलेलं नाणं मी मुद्दाम शोधून घेतो, त्याला काही कारण नाही, आपलं गाव म्हणून.

आता पैशाचं बोलू. लोक 'चांदीचं नाणं' ऐकतात आणि ३५ ग्रॅम चांदी धरून चालतात. पण यातल्या बऱ्याच नाण्यांमध्ये चांदी ५० टक्के असते, बाकी ४० टक्के तांबं आणि निकेल, जस्त प्रत्येकी ५. म्हणजे चांदी झाली साडेसतरा ग्रॅम. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं आलं, तेही याच मिश्रणाचं, वर ७५ लिहिलेलं असलं तरी ते विकत घ्यायची किंमत होती साडेतीन हजारांच्या आसपास. तेव्हा चांदी किलोला ७२ हजारांच्या घरात होती. साडेसतरा ग्रॅमचे किती होतात? साडेबाराशे. उरलेले सव्वादोन हजार कशाचे? घडणावळीचे, डबीचे, पुस्तिकेचे आणि हौसेचे.

हे गणित पुढे नेऊन बघा म्हणजे खरा खेळ कळतो. त्या नाण्यातल्या नुसत्या चांदीने तुमचे साडेतीन हजार भरून निघायला चांदी किलोला २ लाखांवर जायला हवी. गंमत म्हणजे २०२५ च्या शेवटी ती गेलीसुद्धा! म्हणजे चांदी जवळजवळ तिप्पट झाली आणि नाणं घेणारा कुठे पोचला, तर मुद्दलावर. २०२३ मध्ये नाणं घेतलं त्याच दिवशी त्याच साडेतीन हजारांची साधी चांदीची चिप, म्हणजे शुद्ध चांदीचा तुकडा, घेतली असती तर ३ टक्के जीएसटी आणि दुकानदाराचं थोडं मार्जिन जाऊनही ४५ ग्रॅमच्या पुढे मिळाली असती, आणि त्याचे ९ हजार झाले असते. चांदीला एवढे चांगले दिवस नेहमी येत नाहीत, आणि ते आले तेव्हाही नाण्याने एवढंच दिलं.

आणि ही सगळी किंमत कागदावरची बरं का. सराफाकडे मोडीत घालू म्हणाल तर त्यातही गोची आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे सरकारने पाडलेलं नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि स्मारक नाणंही त्यात येतं. मी एकदा कुतूहल म्हणून ओळखीच्या सराफाला दाखवलं, त्याने काट्यावर ठेवलं, उलटंपालटं केलं, टंच (चांदी किती टक्के ते) विचारला, अर्धाच आहे म्हटल्यावर हसला आणि परत डबीत घालून दिलं. "नाणेवाल्यांकडे जा, साहेब, आम्हाला याचं काय करायचं?" त्याचं बरोबरच होतं. आतली चांदी तुमची असते पण काढता येत नाही.

मग राहिला नाणेवाला, म्हणजे जुनी नाणी घेणारा-विकणारा डीलर, नाहीतर नाण्यांची प्रदर्शनं. तिथला हिशेब वेगळा. डीलर आधी डबी उघडून कॅप्सूलवर ओरखडा आहे का बघतो, मग नाण्यावर डाग आहे का, मग पुस्तिका कुठंय विचारतो, आणि शेवटी जो भाव सांगतो तो ऐकून विकायला गेलेल्याचं तोंड उतरतं. त्यालाही पुढे विकायचंय, त्याचं मार्जिन तो तुमच्यातूनच काढणार. भाव वाढतो तो मागणी जास्त आणि नग कमी असतील तेव्हा, आणि ही नाणी बहुतेक वेळा बुकिंग घेऊन विकली जातात, म्हणजे ज्याला हवं त्याने मुदतीत पैसे भरले की मिळतं. हव्या त्या सगळ्यांना आधीच मिळालंय, मग नंतर जास्त पैसे देऊन कोण घेणार? काही जुन्या नाण्यांना चांगला भाव येतो हे खरंय, पण कुठलं नाणं तसं निघेल हे घेताना कुणालाच कळत नाही. मावसबहिणीला तेच म्हटलं, लेकीच्या शिक्षणाच्या फीला हा असला भरवसा नको.

एक अपवाद मात्र मनापासून सांगतो. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं आलं होतं, १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. ते दर्शनी किमतीलाच, म्हणजे १० रुपयांनाच मिळायचं, वर हौसेचा भार नव्हता. ज्या घरांत कुणी आजोबांनी ते देव्हाऱ्यात ठेवून दिलं तिथे २ लाखांच्या भावाने त्यात २४०० ची चांदी आहे. आताच्या नाण्यांमध्येही थोडा बदल दिसतोय, रिझर्व्ह बँकेला नव्वदावं वर्ष लागलं म्हणून २०२४ ला ९० रुपयांचं नाणं आलं ते ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं. अशात निदान चांदी तरी पूर्ण मिळते, पण तरी आधी ग्रॅमचा भाव काढून बघा आणि मगच पैसे भरा. टाकसाळ देवादिकांची रंगीत चांदीची नाणीही विकते, त्यावर रुपयाची किंमत नसते, ती कायद्याने चलन नाहीत, पदक म्हणा हवं तर. भेट द्यायला छान.

वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या ५ आणि १० रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ बघून कुणी नाणं विकायला निघालं असेल तर थांबा. आधी 'रजिस्ट्रेशन फी', मग 'जीएसटी', मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन' अशी एकेक रक्कम ऑनलाईन मागतात आणि गायब होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आम्ही कुणाकडूनही कसलीही फी घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात अशी नाणी ढिगात पडलेली असतात, लाखाची असती तर तिथे फरशीवर पसरली असती का!

बहिणीला शेवटी म्हटलं, बचत करायचीय ना, मग आपल्या आया करायच्या तेच कर, गुरुपुष्यामृताला ग्रॅमभर सोन्याचं वेढणं घे, नाहीतर चांदीचा ईटीएफ (शेअरसारखा घेता-विकता येणारा चांदीचा फंड) घे, तो विकायला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. आणि अहिल्यादेवींचं नाणं घ्यायचंय तर एकच घे, लेकीला गोष्ट सांगायला घे. ती म्हणाली दोन घेते, मुलाला पण हवं. घे बाई.

भेट म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार, बचत म्हणून दीड. आणि घेतलंच तर एक काम कराच, कॅप्सूलमधून काढून टूथपावडरने घासू नका, दिवाळीला चांदीची भांडी घासायच्या ओघात घरोघरी हे होतं. काळपटलं तरी राहू दे. बिल आणि पुस्तिका डबीतच ठेवा, विकायला गेलात की आधी तेच मागतात.